खानदेशातील कान, नाक आणि घसा : प्रस्तावना

ज्या रोगाने माणूस दगावतो त्याची नोंद सरकारी दप्तरात होते, ज्या रोगाने गावेच्या गावे ओस पडतात त्याचा इतिहास लिहिला जातो, आणि ज्या रोगाची झळ धनिकांना व अधिकाऱ्यांना पोहोचते त्याच्या निवारणार्थ निधीही उभा राहतो. परंतु जो रोग माणसाला मारीत नाही, अंथरुणालाही खिळवीत नाही, फक्त त्याच्या कानातून वर्षानुवर्षे पू वाहता ठेवतो आणि हळूहळू त्याला शेजाऱ्याच्या बोलण्यापासून, गुरुजींच्या पाढ्यांपासून व देवळातल्या कीर्तनापासून दूर नेऊन बसवितो, त्या रोगाला कोणत्याही कचेरीच्या तक्त्यात स्वतंत्र रकाना मिळत नाही. प्रस्तुत पुस्तिका अशा रोगांविषयी आहे. ती आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, प्राथमिक शिक्षक आणि खेड्यापाड्यांत व्यवसाय करणारे डॉक्टर यांच्यासाठी लिहिलेली असून, अमळनेर तालुका व त्याच्या भोवतालचा जळगाव-धुळ्याचा मुलूख लेखकांनी डोळ्यांपुढे ठेवला आहे.

या उपेक्षेचे मोजमाप करावयाचे झाल्यास दोन सरकारी आकडे शेजारी शेजारी मांडावेत. २०११ च्या जनगणनेत श्रवणाचे अपंगत्व असलेल्या भारतीयांची संख्या सुमारे ५० लाख ७१ हजार नोंदली गेली; आणि बहिरेपणाच्या निवारणाचा जो राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र सरकारने २००६-०७ च्या सुमारास प्रारंभी २५ जिल्ह्यांत हाती घेतला, त्याच्या कागदपत्रांत जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाचा हवाला देऊन हीच संख्या सुमारे ६ कोटी ३० लाख सांगितली आहे. व्याख्या निराळ्या, मोजणीच्या रीती निराळ्या, हे मान्य केले तरी बारा पटींची ही तफावत सगळीच त्या सबबीखाली खपत नाही. दारात उभ्या राहिलेल्या प्रगणकाला घरातील डोळ्यांनी अधू झालेला माणूस दिसतो, पायांनी अधू झालेला दिसतो. ओसरीवर बसून मान डोलावणारा आणि निम्मेच ऐकणारा म्हातारा मात्र दिसत नाही, आणि घरची मंडळीही ‘त्यांच्याशी जरा मोठ्यानं बोलावं लागतं’ यापलीकडे काही सांगत नाहीत. हीच गत इतर गरीब देशांची. मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रवणविषयक जागतिक अहवालात, ज्यांची श्रवणहानी पुनर्वसनाची गरज भासावी इतकी आहे अशा माणसांची संख्या ४३ कोटींहून अधिक धरली आहे, आणि त्यांतील सुमारे ८० टक्के माणसे अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात असे नमूद केले आहे. बालवयातील श्रवणहानीची सुमारे ६० टक्के कारणे टाळता येण्याजोगी असतात, हा त्याच अहवालातील आकडा या पुस्तिकेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा.

अमळनेर हे काही आडबाजूचे खेडे नव्हे. बोरीकाठच्या या गावी श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली, साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात येथील शाळेत अध्यापन केले, १९४५ च्या डिसेंबरात येथे निघालेल्या वनस्पती तुपाच्या कंपनीचे पुढे ‘विप्रो’ झाले, आणि मराठी साहित्य संमेलन या गावाने १९५२ व २०२४ अशा दोन वेळा भरविले. वेदान्तावर संशोधन करणाऱ्यांना ज्या गावाने आश्रय दिला, त्या गावाभोवतीच्या मारवड, कळमसरे, पातोंडा अशा गावांतील एखाद्या मुलाच्या कानाचा पडदा फाटला असता, सूक्ष्मदर्शकाखाली तो शिवून घेण्यासाठी त्याच्या बापाला एस. टी. ने धुळ्याचे किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते, म्हणजे जाण्या-येण्यात एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते. आणि तेथे ‘आधी कान कोरडा होऊ द्या, मग या’ असे सांगितले गेले, तर ती दुसऱ्यांदा बुडवावी लागते. तिसऱ्यांदा तो येत नाही. या पुस्तिकेचे प्रयोजन ज्याला पाहावयाचे असेल त्याने या तिसऱ्या खेपेचा विचार करावा. कान कोरडा करण्याचे काम गावातच झाले असते, तर बाप पहिल्याच खेपेस शस्त्रक्रियेची तारीख घेऊन परतला असता.

‘पोऱ्याना कान वाही ऱ्हायना’, असे जेव्हा एखादी आई अहिराणीत सांगते, तेव्हा तिच्या स्वरात तक्रारीपेक्षा माहिती अधिक असते. थोरल्याचा वाहत होता, तिच्या भावाचाही वाहत होता. मोठेपणी आपोआप थांबतो, असा घरातल्या वडीलधाऱ्या बायांचा निर्वाळा असतो. वाहणारा कान हा बालपणाचा एक भागच आहे, ही समजूत प्रस्तुत लेखकाला सर्व जंतूंपेक्षा अधिक घातक वाटते. नाक आणि घसा यांच्या मागील पोकळीतून कानाच्या मधल्या भागाकडे एक नळी जाते. लहान मुलात ती आखूड व आडवी असल्याने सर्दीचा संसर्ग तीतून सहज कानात शिरतो, पू साचतो, पडदा फुटतो, आणि पू बाहेर आला की ठणका थांबतो. ठणका थांबल्यामुळे सगळ्यांना हायसे वाटते. वस्तुतः खरे दुखणे तेथून पुढे सुरू होते. मग कढविलेल्या लसणाचे गोडे तेल, कोणाचे अंगावरचे दूध, कोठे झाडपाल्याचा रस असे एकामागून एक पदार्थ त्या फुटक्या पडद्यातून आत ओतले जातात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरे विहिरीत सूर मारतात तेव्हा उरलेसुरले काम विहिरीचे पाणी करते.

यावरील प्राथमिक उपाय इतका साधा आहे की, तो साधा असल्यामुळेच त्याच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. स्वच्छ, पाणी टिपून घेणाऱ्या कापडाची किंवा कापसाची वात वळावी, ती हलक्या हाताने कानात ठेवावी, भिजली की काढून टाकावी, नवी ठेवावी, आणि वात कोरडी बाहेर येईपर्यंत हे करीत राहावे. दिवसातून तीन वेळा. आणि त्यानंतरच डॉक्टरांनी दिलेले थेंब घालावेत. पुवाने भरलेल्या कानात थेंब घातले तर ते पुवावर तरंगतात, रोगाच्या जागी पोहोचत नाहीत. येथे खानदेशापुरती एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. वाती वळणे हे काम आपल्या बायकांना शिकवावे लागत नाही. घरच्या शेतातल्या कापसाच्या देवापुढच्या वाती बोटांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. परंतु शेतातून आलेला कच्चा कापूस पाणी टिपून घेत नाही, कारण त्याच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा सूक्ष्म थर असतो. त्याची एक वात आणि औषधाच्या दुकानातील शोषक कापसाची दुसरी वात, अशा दोन वाती पाण्याने भरलेल्या वाटीत सोडाव्यात. एक तरंगत राहील, दुसरी पाहता पाहता भिजून बुडेल. कापसाच्या मुलुखात कानासाठी कापूस विकत आणावा लागतो ही गोष्ट पटवून देण्यास हा प्रयोग पुरेसा आहे, आणि अंगणवाडीच्या ओट्यावर त्याला दोन मिनिटे लागतात.

वातीने सर्व कान बरे होतात असा दावा मात्र पुस्तिकेत कोठेही केलेला नाही, आणि तसा तो कोणी करू नये. स्राव थोडाच पण दुर्गंधीयुक्त असेल, तर आत हाड कुरतडणारा रोग असण्याचा संभव असतो. तो वातीने व थेंबाने हटत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. कानामागे सूज आली, तोंड एका बाजूला वाकडे झाले, चक्कर येऊ लागली, किंवा कान वाहत असलेल्या मुलाला ताप येऊन डोके दुखू लागले व वांत्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात हलवावे. ‘उद्या बाजारचा दिवस आहे, गाडी मिळेल’ हा हिशेब येथे चालत नाही.

पुस्तिकेतील ‘शाळेतील मूल’ हे प्रकरण मला सर्वांत मोलाचे वाटले. कान वाहणारे मूल पूर्ण बहिरे नसते. वीस-पंचवीस टक्के कमी ऐकते म्हणा, आणि तेही सर्दीच्या दिवसांत अधिक, एरवी कमी. असे मूल वर्गाच्या मागच्या बाकावर बसले म्हणजे त्याला गुरुजींचा आवाज ऐकू येतो, शब्द नीट येत नाहीत. आता आपल्या प्रदेशातील परिस्थिती अशी की, घरी अहिराणी बोलणारे, किंवा सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेले असल्यास भिलोरी वा पावरी बोलणारे मूल, शाळेत येते तेव्हा प्रमाण मराठी त्याला अर्धवटच कळत असते. त्यामुळे प्रश्न विचारला असता ते गोंधळून पाहत राहिले, तर शिक्षक त्याचे कारण भाषेत शोधतो. त्यात त्याचा दोषही नाही; दहांपैकी बहुधा आठ वेळा कारण तेच असते. उरलेल्या दोन वेळी मात्र मुलाला भाषा येत असते, ऐकू येत नसते, आणि भाषेच्या सबबीआड त्याचा कान वर्षानुवर्षे लपून राहतो. लेखकांनी सुचविलेली तजवीज अशी : मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून, त्याचा एक कान बोटाने झाकवून, त्याच्या घरच्या भाषेतील ओळखीचे शब्द कुजबुजत्या स्वरात उच्चारावेत आणि ते त्याला परत म्हणावयास लावावेत. घरच्या भाषेतच उच्चारावेत, ही अट महत्त्वाची. कारण ‘वृक्ष’ हा शब्द परत म्हणता आला नाही तर दोष कानाचा की शाळेचा, हे ठरविता येणार नाही. याला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि श्रवणतज्ज्ञाच्या मोजणीची सर याला येणार नाही हे उघड आहे. परंतु कोणाला श्रवणतज्ज्ञाकडे पाठवावयाचे, हे यावरून कळते.

नाकाच्या बाबतीत महाराष्ट्राला एक अभिमानाचा, आणि बारकाईने पाहिल्यास काहीसा खेदाचाही, इतिहास आहे. इंग्रज आणि टिपू यांच्यातील युद्धात कावसजी नावाचा इंग्रजी फौजेचा बैलगाडीवान टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक तयार केले. ते पाहिलेल्या इंग्रज डॉक्टरांच्या माहितीवरून त्याचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ च्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये लंडनला छापला गेला, तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी वीस वर्षांनी तेथे तसे नाक बसविले, आणि तेव्हापासून ही कृती पाश्चात्य शल्यशास्त्रात रूढ झाली. सुश्रुतसंहितेत नाकाच्या संधानाचे वर्णन आहे ते निराळेच. पण पुण्याच्या त्या कारागिराला संस्कृत येत होते असे दिसत नाही. विद्या हातातून हातात आली, घराण्यात राहिली, आणि तिचा ग्रंथ कोणी केला तर तो परक्यांनी. ज्या वृत्तांतात गाडीवानाचे नाव आहे, त्यात नाक बसविणाऱ्याचे नाव नाही. आपल्या प्राचीन शल्यविद्येची प्रौढी मिरविणाऱ्या वक्त्यांनी भाषणापूर्वी ही बाब एकदा ध्यानी घ्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

नाकाचे आजचे प्रश्न त्यामानाने घरगुती आहेत. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा खानदेशात मुलांच्या नाकाचा घोळणा फुटणे ही नित्याची बाब होते. आणि त्यावर डोके मागे टाकून डोक्यावर पाण्याचा तांब्या ओतणे व कांदा हुंगविणे हा सार्वत्रिक उपचार. डोके मागे टाकल्याने रक्त थांबत नाही, घशात उतरते. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांत घट्ट दाबून धरावा, तोंडाने श्वास घ्यावयास सांगावे, आणि दहा मिनिटे बोटे सोडून ‘थांबले का’ म्हणून पाहू नये. पाहण्याचा मोह आवरणे हाच यातला कठीण भाग. पन्नाशीपुढच्या माणसाच्या नाकातून रक्त आल्यास त्याचा रक्तदाब मोजलाच पाहिजे. गाजरगवताने येणाऱ्या शिंका, जिनिंगच्या धुळीने चोंदणारे नाक, आणि जुनाट पीनस झालेल्या नाकात माशीने अंडी घातल्याने पडणारे किडे यांचे विवेचन पुस्तिकेत यथास्थित आले आहे. किड्यांची लाज वाटून माणसे घरात दडून बसतात एवढेच मी त्यात जोडीन. ती लाज दूर करणे हे औषधाइतकेच निकडीचे आहे.

घशाच्या प्रकरणात घटसर्पाला आता दोनच पाने पुरली, याचे श्रेय लसीकरणाला आहे. अधिक जागा शेंगदाण्याने घेतली आहे, आणि ते योग्यच झाले. ज्या मुलुखात भुईमूग पिकतो आणि घराघरांत पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटली जाते, तेथे सर्व दाढा न आलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती मूठभर दाणे दिले जाणारच. खाता खाता मूल हसते किंवा रडते, ठसका लागतो, दोन मिनिटे जीव घाबरा होतो, आणि मग सारे शांत होते. दाणा घशातून श्वासनळीत व तेथून फुप्फुसाच्या एका शाखेत जाऊन बसलेला असतो. त्यातील तेलाने आतील त्वचा सुजते, आठवड्याने ताप व खोकला येतो, छातीचे औषध चालू होते, आणि त्या ठसक्याची आठवण कोणीच डॉक्टरला सांगत नाही. फिलाडेल्फियाचे शेव्हेलियर जॅक्सन यांनी माणसांच्या घशा-छातीतून काढलेल्या वस्तूंचा दोन हजारांवर नगांचा संग्रह करून ठेवला, तो आजही त्या शहरातील संग्रहालयात आहे. दुर्बिणीने दाणा काढता येतो हे जगाला तेव्हाच कळून चुकले. आपल्याकडे अडचण दुर्बिणीची असते त्याहून अधिक प्रश्नाची असते. छातीत एकाच बाजूला घरघर असलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला ‘याला अचानक ठसका लागला होता का?’ हे विचारावे, असे लेखकांनी ठळक अक्षरांत छापले आहे.

तंबाखूचा विषय आला की उपदेशाचा सूर लागतो, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. सुपारी चघळणाऱ्या बाया आणि गुटखा खाणारी पोरे यांच्यात तोंड उघडेनासे होण्याचा जो रोग आढळतो, तो १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत आणि १९५३ साली जोशी या भारतीय तज्ज्ञाने आपल्याकडे वर्णिला. त्याचे मुख्य कारण सुपारी. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून मिळतच राहिल्या. ज्याच्या उघडलेल्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावत नाहीत, आणि ज्याचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आहे, अशा दोघांनाही तपासणीस पाठवावे.

शेवटी एका वादाविषयी लिहिणे प्राप्त आहे. अर्धशिक्षित हातांत हे काम द्यावे काय, असा आक्षेप तज्ज्ञांच्या बैठकीत हटकून निघतो. ब्रिटन-नेपाळ ओटॉलॉजी सर्व्हिस या संस्थेने १९८८ पासून नेपाळगंज भागात कानांची शस्त्रक्रिया-शिबिरे भरविली, आणि त्यांच्या जोडीला स्थानिक माणसांना कानाच्या प्राथमिक उपचाराचे शिक्षण दिले. केनिया व मलावी येथे डॉक्टर नसलेले, पण रीतसर शिकलेले ‘क्लिनिकल ऑफिसर’ कान-नाक-घशाचे बरेचसे दैनंदिन काम करतात. प्रस्तुत लेखकाचा कल त्यांच्या बाजूचा आहे. आपल्याकडील शिबिरांविषयी मात्र माझ्या मनात किंतु आहे : मंडप पडतो, फीत कापली जाते, दिवसात शेकडो कान पाहिले जातात, आणि मंडप उठल्यावर कान पुन्हा वाहू लागले तर कोणाला दाखवावयाचे हे कोणालाच ठाऊक नसते. हातात वात घेतलेली, गल्लीतच राहणारी आशाताई त्याहून मला अधिक भरवशाची वाटते. फक्त तिच्या पाठीशी उभा राहणारा तालुक्याचा डॉक्टर असावा, आणि तिने पाठविलेल्या रोग्याला जिल्ह्याच्या इस्पितळात ‘कोणी पाठविले?’ असे दरडावून विचारले जाऊ नये.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांविषयीचे प्रकरण वाचताना घाई करू नये. मामाच्या मुलीशी लग्न, गरोदरपणातील रुबेला, जन्मानंतरची तीव्र कावीळ ही कारणे तेथे दिली आहेत, आणि टाळी वाजविली असता मूल दचकते म्हणून ते ऐकते असा निष्कर्ष काढू नये, कारण टाळीची हवा व हालचालही मुलाला कळते, असेही बजावले आहे. अशा मुलाचा शोध पहिल्या वर्षात लागला तर यंत्राने वा शस्त्रक्रियेने पुष्कळ साधते. चौथ्या-पाचव्या वर्षी लागला तर त्याच उपायांनी फार थोडे. ज्यांना त्यांचा लाभ होणार नाही, त्यांना खुणांची भाषा शिकण्यास कोणी मज्जाव करू नये, या लेखकांच्या मताशी मी पूर्णपणे सहमत आहे.

श्रवणयंत्रे वाटण्याचे कार्यक्रम अलीकडे पुष्कळ होतात. वाटलेल्या यंत्रांपैकी किती कपाटात पडून आहेत, हे पाहावयाचे झाल्यास गावात फिरून विचारणे हाच मार्ग आहे. यंत्र पडून राहण्याचे कारण बहुधा असे की, बॅटरी संपलेली असते, किंवा कानात बसणारा साचा दुखत असतो, किंवा लग्नाच्या मांडवात सगळेच आवाज एकदम मोठे झाल्याने आजोबांनी ते काढून ठेवलेले असते. यंत्राची सवय आधी शांत घरात, एका माणसाशी बोलत, अर्धा-पाऊण तास अशी लावावी लागते, आणि हे वाटप करणाऱ्याने सांगितलेले नसते. या प्रकरणाच्या शेवटी लेखकांनी एक कोरा तक्ता छापला आहे. त्यात बॅटरी कोणत्या दुकानात मिळते, साचा कोठे बदलून मिळतो, जिल्ह्याच्या इस्पितळात श्रवणतपासणी कोणत्या वारी असते आणि तेथे जाणारी पहिली एस. टी. किती वाजता सुटते, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते विचारून, पेन्सिलीने भरून घ्यावयाचे आहे. शाईने भरू नये, कारण वार आणि गाड्यांच्या वेळा बदलत असतात.